बेशुद्ध पडलेल्या मुलीची गोष्ट

अब्दोन लेस्कानो थापा मारतो, हे बान्योस गावात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि त्याबद्दल कुणाची काही तक्रार नाही. चिवा चालवणाऱ्या माणसाने थापा मारायच्या नाहीत, तर मग करायचं काय? नुसता धबधबा काय, डोळे असलेल्या कुणालाही दिसतो. चिवा म्हणजे ट्रकच्या सांगाड्यावर बसवलेली लाकडी गाडी, बाजू सताड उघड्या, अंगावर पोपटी, तांबडा, पिवळा असे सगळे रंग. बाकांवर बसलेले पाहुणे पास्तासा नदीच्या दरीत डोकावतात, किंचाळतात, भिजतात आणि समोर दिसेल त्याबद्दल ड्रायव्हरला विचारतात. अब्दोन तीस वर्षं त्यांना उत्तरं देतोय. ‘नवरीचा पदर’ धबधबा आला की सांगतो, ही नवरी माझ्या आत्याची मैत्रीण होती. ‘सैतानाची कढई’ आली की सांगतो, सैतान अजून आतच आहे, पण मधुमेह झाल्यापासून बिचाऱ्याचं खाणं कमी झालंय.

वय सदुसष्ट, उंची बेताची, पोट स्टिअरिंगला टेकलेलं, डोक्यावर करडी हॅट. गाडी मात्र अशी चालवतो, की शेवटच्या बाकावरच्या म्हातारीच्या हातातला उसाचा रस हिंदकळत नाही. जीभ सैल आणि हात पक्के, असा माणूस.

त्याच्या गाडीत लोक चढतात ते धोबिणीसाठी. बोगदे झाल्यापासून बस आणि ट्रक डोंगराच्या पोटातून जातात. जुना रस्ता कड्याला चिकटून बाहेरून वळसे घेत जातो, आणि त्यावर आता चिवा आणि सायकलवाले एवढेच. या जुन्या रस्त्यावर एका ठिकाणी पाण्याची धार वरून थेट रस्त्यावरच कोसळते. नकाशात तिला नाव नाही. ड्रायव्हर तिला धोबीण म्हणतात, कारण खालून जाणारी प्रत्येक गाडी ती धुऊन देते. धोबिणीच्या जरा अलीकडे अब्दोन गाडी थांबवतो, इंजिन बंद करतो, हॅट काढून मांडीवर ठेवतो आणि माइक तोंडाशी धरतो.

“मंडळी, त्रेचाळीस वर्षांपूर्वी, बरोबर इथे, माझा ट्रक आणि पेट्रोलचा एक टँकर तोंडाला तोंड लावून उभे ठाकले. रस्ता एकाच गाडीपुरता. भरलेला टँकर मागे जात नसतो, म्हणजे जायचं मलाच. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी, आणि ती इतकी खोल की पडणाऱ्याला वाटेत भूक लागावी! माझ्या शेजारी एकोणीस वर्षांची एक मुलगी. तिने खाली पाहिलं, ‘आई गं’ म्हणाली आणि माझ्या खांद्यावर बेशुद्ध! मग काय करता? एका हातात मुलगी, एका हातात स्टिअरिंग, आणि नेला ट्रक मागे, धोबिणीच्या खालून.”

एकदा कीतोच्या एका बाईंनी विचारलं होतं, “मग गिअर कोणत्या हाताने टाकलात?”

“बाईसाहेब,” अब्दोन म्हणाला, “तरुणपणी माणसाला तीन हात असतात.”

आणि शेवटी कुणीतरी विचारतंच, की त्या मुलीचं पुढे काय झालं. त्यावर अब्दोन एक मोठा उसासा टाकतो. “शुद्धीवर आली, डोळे उघडले, समोर मी. त्या अपघाताचे परिणाम मी आजही भोगतोय. बायको आहे माझी!” हशा, टाळ्या, आणि गाडी पुढे.

आता खरं काय झालं ते सांगायला हवं. टँकर खरा, कडा खरा, दरी खरी. एकोणीस वर्षांची बाल्बिनाही खरी. रिओ नेग्रोहून नारान्हियाच्या आंबट फळांच्या पेट्या घेऊन बान्योसच्या बाजाराला निघाली होती. खोटं एवढंच, की पाचावर धारण बसली होती ती अब्दोनची. मामाचा ट्रक हातात येऊन त्याला तीनच महिने झाले होते. मागे उभा राहून गाडी मागे घ्यायला लावणारा किन्नर पोट बिघडल्यामुळे रिओ व्हेर्देलाच राहिला होता. बाकीचे उतारू खाली उतरून, कड्याला पाठ लावून आग्वा सांता मातेचा धावा करत होते. अब्दोनचा पाय क्लचवर असा थरथरत होता, की ट्रक उभ्याउभ्या खोकत होता. “मला नाही जमणार,” तो म्हणाला. खरं तर रडला. त्याच्या शेजारी बसलेल्या मुलीने त्याच्याकडे एकदा पाहिलं, खाली उतरली, ट्रकच्या मागे गेली आणि तिथून तिचा आवाज आला, “येऊ दे! येऊ दे!”

आरशात नुसतं पाणी होतं. दरीकडे बघायची अब्दोनची छाती नव्हती. तो त्या आवाजावर ट्रक मागे नेत राहिला. आवाज पाण्यातून येत होता, दगडांतून येत होता, पण येत होता. “येऊ दे, येऊ दे, थांब! जरा इकडे. आता येऊ दे!” शंभर-सव्वाशे पावलं, मध्ये एक वळण. रुंद जागा आली, टँकर बाजूने निघून गेला आणि जाताजाता टँकरवाल्याने टोपी काढली. ती कुणासाठी, याच्या खोलात अब्दोन कधी शिरला नाही. आठ महिन्यांनी त्याने बाल्बिनाशी लग्न केलं.

त्या दिवसापासून त्याच्या मनात एक गोष्ट पक्की बसली, ती म्हणजे बाल्बिनाला दिसतं. आपल्याला दिसत नाही ते तिला दिसतं. मामाचा ट्रक मोडीत काढून चिवा घ्यावी का? बाल्बिना म्हणाली, घे. घेतली. मुलीने अंबातोच्या त्या शिंप्याशी लग्न करावं का? बाल्बिना म्हणाली, नको. केलं नाही, आणि तो शिंपी पुढे दोन बायकांचा निघाला. तुंगुराहुआ डोंगर धुमसायला लागला, गाव रिकामं केलं, महिनोन्‌महिने नातेवाइकांच्या घरी काढले. परत जावं की नको, यावर भलेभले डोकं धरून बसले होते. बाल्बिना म्हणाली, “चला.” डोंगर राख ओकत असताना अब्दोनने सामान चढवलं आणि दुसऱ्या कुणाला विचारलंही नाही.

मग असल्या बायकोला त्याने रोज दोनदा माइकवरून बेशुद्ध का पाडावं? त्याचं झालं असं, की पाहुणे येऊ लागले त्या सुरुवातीच्या दिवसांत एका तरुणीने विचारलं, “उस्ताद, तुम्हाला या रस्त्यावर कधी भीती वाटली का हो?” ती दिसायला फार सुंदर होती. अब्दोनने उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. पहिल्या वर्षी गोष्टीतली मुलगी नुसती रडत होती. दुसऱ्या वर्षी तिला घेरी आली. पुढे तिची शाल दरीत उडाली. दहाव्या वर्षापर्यंत ती पार बेशुद्ध पडली, आणि मग तिला शुद्धीवर आणणं अब्दोनच्या हातात राहिलं नाही. बाकीचे ड्रायव्हरही तीच गोष्ट सांगू लागले.

बाल्बिनाला हे कळणार कसं, असा अब्दोनचा हिशेब होता. ती त्याच्या चिवात कधी बसलीच नाही. बोगदे होण्याआधी बहिणीकडे रिओ नेग्रोला जायची तेव्हा बसमध्ये शाल डोक्यावरून ओढून, जपमाळ हातात धरून, सबंध घाटभर गप्प बसायची. बोगदे झाल्यावर तिने मेणबत्ती लावली आणि जुन्या रस्त्याचं नाव टाकलं. तिचं जग म्हणजे बाजाराजवळचं मेल्कोचाचं, गुळाच्या त्या चिवट मिठाईचं, दुकान. दाराच्या चौकटीला ठोकलेल्या खुंटीवर गरम गुळाचा जाड दोर फेकायचा, ओढायचा, दुमडायचा, पुन्हा फेकायचा. तांबड्याचा सोनेरी होईपर्यंत. चाळीस वर्षं हे करून तिचे दंड असे झाले होते, की भांडणात अब्दोन टेबलाच्या पलीकडच्या बाजूला उभा राहायचा.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना ओल्मेदो वायास दुकानात आला.

ओल्मेदो हा अब्दोनचा जुना दोस्त, तोही चिवाच चालवणारा. त्याची नवी चिवा पेलिलेओहून सुतारकाम होऊन आली होती, अजून वार्निशचा वास येत होता. हॅट छातीशी धरून तो बाल्बिनासमोर उभा राहिला.

“बाल्बिनाबाई, रविवारी गाडीचा बाप्तिस्मा आहे. तुम्ही तिची धर्मआई व्हावं, अशी माझी आणि बायकोची इच्छा आहे.”

कोपऱ्यात मेल्कोचा चघळत बसलेल्या अब्दोनचा जबडा थांबला. गाडीच्या धर्मआईने पहिल्या फेरीला ड्रायव्हरच्या शेजारी बसायचं असतं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मध्येच उतरली तर गाडी जन्मभर रुसते, असं म्हणतात. आणि गाडीचं धर्मआईपण कुणी नाकारत नाही. नाकारलं तर गाडीवाल्याशी बोलणं बंद, मग तो सख्खा भाऊ का असेना.

“आणि उस्ताद,” ओल्मेदो वळून म्हणाला, “पहिली फेरी तूच मारायची. तुझ्याइतका जुना हात दुसरा कुणाचा आहे?”

“तिचे गुडघे,” अब्दोन घाईघाईने म्हणाला. “तिला पायरी चढवत नाही रे.”

“माझ्या गुडघ्यांना काय धाड भरलीय?” बाल्बिना खुंटीवर गूळ फेकत म्हणाली. तिने दोर एकदा ओढला, दोनदा ओढला. तिसऱ्यांदा मात्र तसाच लोंबत ठेवला. “होते मी धर्मआई,” ती म्हणाली.

आता आली का पंचाईत! रविवारच्या फेरीला अर्धे प्रवासी गावातलेच असणार, आणि एकूण एकाला ती गोष्ट तोंडपाठ. धोबीण आली की कुणीतरी ओरडणारच. बायको शेजारी बसलेली असताना तिला बेशुद्ध पाडायचं कसं? आणि नाही पाडायचं, तर तीस वर्षांची अब्रू पाण्यात. पण अब्रूपेक्षाही एक गोष्ट त्याला आतून खात होती. जिच्या आवाजावर तो जगला, तिलाच त्याने लोकांसमोर रडूबाई केलं होतं. हे तिला कळलं, तर ती भांडेल याची त्याला भीती नव्हती. ती काहीच बोलणार नाही, याची होती.

शनिवारी संध्याकाळी तो गुपचूप ओल्मेदोच्या अंगणात गेला आणि नव्या चिवाच्या माइकची तार उपटून आला. धोबिणीपाशी थांबायचंच नाही, सुसाट निघून जायचं, हेही ठरवून टाकलं.

रविवारी चर्चच्या दारात गाडी फुलांनी मढवून उभी केली. पाद्रीबाबांनी मंत्र म्हटले, टपावर, इंजिनावर, चारही चाकांवर पवित्र पाणी शिंपडलं, थोडं अब्दोनवरही उडवलं. बाल्बिनाने नवी निळी शाल पांघरली होती. तिने फीत कापली, चाकावर सफरचंदाच्या दारूची बाटली ओतली, आणि ओल्मेदोने तिला मिठी मारून, धर्मआईच्या नात्याने, पहिल्यांदा ‘कोमाद्रे’ म्हणून हाक मारली. मग ती अब्दोनच्या शेजारी चढून बसली, पर्स मांडीवर, उजवा हात समोरच्या दांडीवर. अब्दोनची मुलगी नूबिया तिकिटं तपासत होती. अडतीस वर्षांची, आवाजाला खणखणीत, आणि बापाची नस अन् नस ओळखणारी.

“बाबा, माइकची तार कुणीतरी उपटली होती,” ती ड्रायव्हरच्या बाजूला येऊन म्हणाली. “लावली मी परत.”

“छान केलंस हो,” अब्दोन म्हणाला. अशा मुलीपेक्षा तो शिंपी जावई परवडला असता, असं त्याच्या मनात आलं.

गाडी निघाली. आगोयानचं धरण गेलं, पहिला बोगदा टाळून चिवा जुन्या रस्त्याला लागली. नवरीचा पदर आला आणि गेला. अब्दोनने माइकला हातही लावला नाही. “उस्ताद, नवरी तुमच्या आत्याची कोण होती?” मागून प्रश्न आला. “विसरलो,” अब्दोन म्हणाला. गाडीत कुजबुज झाली. त्याने तिरक्या नजरेने बाल्बिनाकडे पाहिलं. ती सरळ समोर बघत होती, दरी तिच्याच बाजूला होती.

धोबिणीचा आवाज ऐकू आल्याबरोबर अब्दोनने वेग वाढवला.

“अरे ए! कुठे निघालास?” पहिल्या बाकावरून ओल्मेदोने त्याची कॉलर धरली. “गाडी धुवायची नाही का?”

आणि अब्दोनला आठवलं, आणि त्याला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. नव्या गाडीला पहिल्या फेरीत धोबिणीपाशी थांबवायचं असतं. पाद्रीबाबांचं पाणी देवासाठी, धोबिणीचं रस्त्यासाठी. गाडी अलीकडे उभी करायची, धर्मआईने ‘चल’ म्हणेपर्यंत थांबायचं, आणि मग सावकाश पाण्याखालून न्यायची. हा रिवाज ड्रायव्हरांचाच, आणि तो इतरांना शिकवणारा म्हातारा म्हणजे अब्दोन लेस्कानो. तार उपटण्याच्या नादात नेमकं हेच तो विसरला होता.

त्याने गाडी थांबवली. कड्याला सायकली टेकवून सात-आठ पोरं-पोरी वडे खात बसली होती, त्यामुळे गाडी जरा बाहेरच्या अंगाला घ्यावी लागली. इंजिन बंद झालं. आता नुसता पाण्याचा आवाज.

“उस्ताद!” तिसऱ्या बाकावरून रिओबांबाच्या तीन निवृत्त मास्तरणी एकदम ओरडल्या. या तिघी सख्ख्या बहिणी दरवर्षी येत, एकसारखे गुलाबी रेनकोट घालून. “ती गोष्ट! बेशुद्ध पडलेल्या मुलीची!”

“सांगा, सांगा!” अख्खी गाडी.

नूबियाने मागून हात लांब करून माइक बापाच्या हातात दिला. तिच्या तोंडावर असलं काही निरागस हसू होतं, की अब्दोनने तिच्याकडे पाहायचं टाळलं. त्याने हॅट काढली, मांडीवर ठेवली, तोंड उघडलं. तीस वर्षं घोटलेलं पहिलं वाक्य जिभेवर तयार होतं.

तेवढ्यात त्याचं लक्ष बाल्बिनाच्या हाताकडे गेलं. समोरची दांडी तिने अशी धरली होती, की बोटांची पेरं पांढरी पडली होती. मेल्कोचाचा दोर लीलया ओढणारा तो हात दांडी सोडायला तयार नव्हता. बायकोला घाबरलेलं त्याने उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्याला स्वतःची विलक्षण लाज वाटली.

“मंडळी,” तो म्हणाला, “ती मुलगी बेशुद्ध पडली नव्हती.”

“आँ?” मोठ्या मास्तरीणबाई म्हणाल्या.

“बेशुद्ध पडायची वेळ माझी आली होती. मी रडलो. मला नाही जमणार म्हणालो. ती उतरली, मागे गेली, त्या पाण्यात उभी राहिली आणि मला मागे घेतलं. मी फक्त ऐकत होतो. ही बघा, ही शेजारी बसलीय ती. त्रेचाळीस वर्षं मी हिचं ऐकतोय आणि तीस वर्षं हिच्याबद्दल खोटं सांगतोय. झालं. एवढीच गोष्ट.”

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. धाकट्या मास्तरीणबाई हळूच बहिणीला म्हणाल्या, “गेल्या वर्षीची जास्त चांगली होती.”

अब्दोनने माइक इंजिनाच्या झाकणावर ठेवला. तो चालूच होता, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. त्यामुळे पुढचं सगळं बोलणं शेवटच्या बाकापर्यंत लख्ख ऐकू गेलं.

“म्हातारे,” तो म्हणाला, “काहीतरी बोल. शिव्या दे.”

“मला ठाऊक होतं,” बाल्बिना म्हणाली.

“काय?”

“अरे, फेरी संपली की तुझे पाहुणे खायला येतात कुठे? वीस वर्षं माझ्या दुकानात येऊन बायका विचारतायत, ‘बेशुद्ध पडलेल्या त्या तुम्हीच का हो?’ एकीने तर मला हुंगायच्या औषधाची बाटली दिली.”

मागे कुणीतरी फिसकन हसलं.

“मग तू काय सांगायचीस?”

“हो म्हणायचे.”

“हो? तू हो म्हणायचीस? का म्हणून?”

बाल्बिनाने एकदा पाण्याकडे पाहिलं.

“कारण मला बरं पडायचं ते. जी शुद्धीवरच नव्हती, तिला कोण विचारणार, की बाई, तुला त्या दिवशी काय दिसलं? मला काही दिसत नव्हतं, अब्दोन.”

“म्हणजे?”

“म्हणजे काहीच नाही. पाणी डोळ्यांत असं मारत होतं, की मी डोळे मिटूनच घेतले. उजवा हात कड्याला लावला. दगड हाताला लागतोय तोवर ‘येऊ दे’. दगड हातातून सुटला, की ‘थांब’. तेवढंच येत होतं मला.”

अब्दोन तिच्याकडे वळला. “आणि बाहेरचं चाक? दरीकडचं?”

“त्याचं मला काय माहीत? ते तुझ्या बाजूला होतं. मला वाटलं, ते तू बघत असशील!”

“मी? माझी छाती होती का तिकडे बघायची? मला वाटलं, तू बघतेयस!”

त्या ट्रकचं बाहेरचं चाक त्या दिवशी शंभर पावलं कुणीच पाहिलं नव्हतं, हे दोघांच्याही डोक्यात एकाच वेळी उतरलं असावं. मोठ्या मास्तरीणबाईंनी छातीवर क्रूस काढला. ओल्मेदो, जो आजवर ती गोष्ट स्वतःच्या नावावर खपवत होता, त्याने हॅट तोंडावर ओढली.

“म्हणून तू या रस्त्याने येत नव्हतीस,” अब्दोन म्हणाला.

“मग? रोज रात्री मला तोच ट्रक यायचा स्वप्नात, पहिली काही वर्षं. तू एकटा होतास रे वर. आणि तू येऊन मला म्हणायचास, ‘बाल्बिना, तुला दिसतं.’ कसं सांगणार?”

“आणि डोंगर धुमसत होता तेव्हा? चला म्हणालीस ते?”

“तेव्हा डोळे उघडे होते, पण दिसत काय होतं? राख.”

“आणि तो शिंपी?”

“तो मात्र दिसला होता,” बाल्बिना म्हणाली. “त्याची नजर वाईट होती.”

यावर नूबिया इतक्या मोठ्याने हसली, की अख्खी गाडी हसायला लागली. वडे खाणारी सायकलवाली पोरंसुद्धा, काही न कळता. अब्दोन हसत होता आणि बाहीने डोळेही पुसत होता. बाल्बिनाने त्याच्या मांडीवरची हॅट उचलून त्याच्या डोक्यावर ठेवली. दांडी तिने केव्हाच सोडली होती.

“उस्ताद, ही गेल्या वर्षीपेक्षा चांगली झाली,” धाकट्या मास्तरीणबाई म्हणाल्या.

अब्दोनने इंजिन सुरू केलं. सायकलींमुळे गाडी बाहेरच्या अंगाला होती, आणि ओल्मेदोची ही नवी चिवा अब्दोनच्या चिवापेक्षा चांगली हातभर रुंद. त्याच्या जागेवरून पलीकडचं चाक दिसत नव्हतं. रिवाजाप्रमाणे तो धर्मआईकडे वळला.

“बाल्बिना, दरी तुझ्या बाजूला आहे. चाकाला जागा किती आहे, बघ बरं.”

बाल्बिनाने दांडी धरून मान बाहेर काढली. निळी शाल वाऱ्याने तिच्या तोंडावर आली, ती तिने बाजूला सारली, क्षणभर तशीच राहिली आणि आत आली.

“भरपूर आहे,” ती म्हणाली. “चल.”

तिने खरंच पाहिलं होतं का, हे अब्दोनने विचारलं नाही. त्याने गाडी पाण्याखाली घातली.